पोळ्यावरची बातमी

पैठणला मधमाशी नवी नाही. एकनाथ महाराजांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर जी टीका लिहिली, जिचं लेखन इथे सुरू होऊन १५७३ साली काशीला पूर्ण झालं, तिच्यात अवधूत यदू राजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. त्या चोवीसांत मधमाशी आहे आणि तिचा मध काढून नेणाराही आहे. ठिकठिकाणाहून थोडं थोडं घ्यावं हे माशीकडून शिकायचं, आणि साठवू नये, कारण साठवलेलं दुसराच घेऊन जातो, हेही तिच्याचकडून शिकायचं. त्याच्या कितीतरी शतकं आधी, हे गाव प्रतिष्ठान म्हणून ओळखलं जात होतं तेव्हाच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत भुंगा फुलाफुलांवर फिरतो. तो बहुतेक वेळा प्रियकर असतो, एका फुलावर न टिकणारा.

दोन्हीकडे माशी दिसते ती फुलावर किंवा मधापाशी. फुलावरून परत गेल्यावर ती काय करते, हे त्या काळी कळायला मार्ग नव्हता. आज ते दिसतं, मोजता येतं, आणि ते इतकं विलक्षण आहे की फुलावरची माशी हा या विषयाचा निम्मा भागही नव्हे असं मी ठामपणे म्हणेन. प्रियकर भुंग्याची कल्पना तर मधमाशीच्या बाबतीत पार उलटी करावी लागते. फुलावर येणारी मधमाशी मादी असते आणि एका फेरीत ती सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते. करडईवर निघालेली माशी वाटेतलं सूर्यफूल ओलांडून पुढच्या करडईवरच उतरते. परागीभवन घडतं ते तिच्या या एकनिष्ठेमुळे.

मोहोळात माश्या एकमेकींना काय सांगतात आणि त्यावर काय ठरवतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. या विषयावरची बहुतेक पुस्तकं ऑस्ट्रिया-जर्मनीतून सुरू होतात. मी ते बोरीच्या काटेरी झुडपापासून सुरू केलं आहे आणि त्याचं कारण सांगणं हेच या प्रस्तावनेचं मुख्य काम आहे.

पैठणच्या परिसरात प्रामुख्याने दोन माश्या भेटतात. एक फुलोरी: अगदी लहान, पोटावर तांबूस-काळे पट्टे असलेली. बोर, लिंबू, मेंदीचं कुंपण अशा ठिकाणी तळहाताएवढं एकच पोळं बांधणारी. दुसरी आग्या. तीही एकच पोळं बांधते, पण ते हातभर, कधी दीड मीटरपर्यंत रुंद, आणि उंच वडावर, पाण्याच्या टाकीखाली, अजिंठ्यासारख्या कड्यांवर लटकलेलं. या दोघींचंही घर उघड्यावर असतं. तिसरी सातेरी सह्याद्रीच्या जंगलात भरपूर, इकडे कमी. ती झाडाच्या ढोलीत, जुन्या विहिरीच्या कपारीत अंधारात राहते आणि एकामागे एक अशी अनेक पोळी बांधते. चौथी मेलिफेरा. ती मूळची बाहेरची. १९६२ साली हिमाचलातल्या नगरोटा बगवां इथे ती भारतात रुजली आणि आता मधपाळांच्या पेट्यांतून हंगामाप्रमाणे शेतोशेती फिरते.

मधमाशीच्या नाचाचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४०च्या दशकात उलगडला. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी अभ्यासलेली माशी पेटीतली, अंधारात राहणारी होती. चांगला मकरंद सापडलेली माशी उभ्या पोळ्यावर पोट वेगाने हलवत एक सरळ रेघ चालते, वळसा घालून मूळ जागी येते, पुन्हा तीच रेघ चालते, मग दुसऱ्या बाजूने वळसा. सरळ रेघ पोळ्यावर नेमकी वरच्या दिशेला गेली, तर अन्न सूर्याच्या दिशेला आहे. ती उभ्या रेषेपासून उजवीकडे चाळीस अंश कललेली असेल, तर सूर्याच्या उजवीकडे चाळीस अंशांवर जायचं. रेघ चालायला जितका जास्त वेळ, तितकं अंतर जास्त. बाकीच्या माश्या तिच्या अंगाला अंग लावून मागे चालतात, मिशांनी तिला चाचपतात. अंगाला चिकटलेला फुलाचा वास आणि तोंडातून दिलेला मकरंदाचा थेंब यांवरून कुठलं फूल तेही त्यांना कळतं.

पण अंधारात, सूर्य दिसत नसताना, ‘वर म्हणजे सूर्याकडे’ हा संकेत आला कुठून? हा प्रश्न फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांना पडला आणि त्याच्या उत्तरासाठी ते १९५०च्या दशकात श्रीलंकेत आले. युरोपात मधमाशीची एकच जात. श्रीलंकेत, आपल्यासारख्याच, फुलोरी, आग्या आणि सातेरी तिन्ही आहेत. लिंडाउअर यांना जे दिसलं ते आपल्या कुठल्याही बांधावर दिसतं, म्हणून ते जरा सावकाश सांगतो.

फुलोरीचं पोळं फांदीला नुसतं लटकत नाही. फांदीभोवती ते वर फुगलेलं असतं आणि तिथे एक छोटा सपाट माथा तयार होतो. मध त्याच भागात असतो. मुंग्या येऊ नयेत म्हणून पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाचे पट्टे लावलेले असतात, बोट लावलं तर जाणवतात. बाहेरून आलेली माशी थेट त्या माथ्यावर उतरते. तिथे ती नाचते, आणि तिची रेघ कुठल्याही भाषांतराशिवाय सरळ फुलांच्या दिशेला असते. कांद्याच्या डेंगळ्यांचं वावर ईशान्येला असेल तर ती ईशान्येलाच चालते. पोट उंच उचलून हलवते, भोवतीच्या माश्यांना ते लांबूनही दिसावं असं. तिला वर मोकळं आकाश लागतं. सूर्य किंवा निळ्या आकाशाचा तुकडा तरी. पोळ्याच्या उभ्या बाजूवर ती सहसा असा नाच करत नाही.

आग्याचं पोळंही उघड्यावर, पण तिचा नाच उभ्या पडद्यावर, खालच्या कडेजवळ चालतो. सूर्य दिसत असतो, तरी ती ‘वर म्हणजे सूर्याकडे’ हाच संकेत वापरते. आणि सातेरी तोच संकेत ढोलीच्या अंधारात नेते. म्हणजे आडव्या माथ्यावरचं सरळ बोट दाखवणं, मग उभ्या पडद्यावरचा संकेत, मग अंधारातला संकेत, अशा तीन पायऱ्या आपल्याकडे एका दिवसात पाहता येतात. लिपीचा उगम शोधणाऱ्याला जुना शिलालेख मिळावा तसं हे आहे, आणि तो शिलालेख आपल्या कुंपणात आहे. माझ्या मते मराठवाड्यातल्या मुलांना मधमाशीचा नाच शिकवायचा तर पाठ्यपुस्तकातल्या पेटीच्या चित्रावरून नव्हे, फुलोरीच्या माथ्यावरून शिकवायला हवा.

आपल्या अक्षांशावर या भाषेची एक खास अडचणही आहे. पैठण साधारण साडेएकोणीस अंश उत्तरेला आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो. तेव्हा ‘सूर्याच्या दिशेला’ या शब्दांना अर्थच उरत नाही. उष्ण कटिबंधातल्या माश्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की सूर्य माथ्यापासून दोन-तीन अंशांच्या आत आला की त्यांची दिशा सांगण्याची पद्धत कोलमडते, आणि तो जरा ढळला की पुन्हा सुरू होते. युरोपातल्या माशीवर ही वेळ कधीच येत नाही.

आग्याची गोष्ट तर आणखी पुढची. चांदण्या रात्री आग्या मकरंद आणायला बाहेर पडते. मधमाश्यांत हे सहसा कुणी करत नाही. संशोधक फ्रेड डायर यांनी तिच्या रात्रीच्या नाचाचा अभ्यास केला तेव्हा कळलं की आकाशात चंद्र असतानाही ती दिशा सांगते ती सूर्याच्या हिशेबाने, क्षितिजाखाली गेलेल्या, न दिसणाऱ्या सूर्याच्या. सूर्य आता कुठे असेल हे तिला आतून ठाऊक असतं.

अंतर सांगण्याची रीतही जातीप्रमाणे बदलते. बंगळुरूच्या संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर दक्षिण भारतातल्या फुलोरी, सातेरी आणि आग्या यांची तुलना केली आणि ती २०२० साली प्रसिद्ध झाली. ज्या जातीच्या माश्या जवळच्या जवळ चारा शोधतात, त्यांच्या नाचाची रेघ थोड्या अंतरातही पटकन लांबते. दूर जाणाऱ्या आग्याची रेघ अंतराबरोबर हळूहळू लांबते. जवळच्यांना बारीक मोजमाप लागतं, दूर जाणाऱ्यांना पसाऱ्याचं.

इथवर नाचाची रचना झाली. शेतकऱ्याच्या कामाचा भाग यापुढे आहे, आणि या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्यावर आहे. नाच हा हुकूम नसतो, ती बातमी असते. पोळ्यावर एकाच वेळी अनेक बातम्या चालू असतात. एक माशी मोसंबीची सांगत असते, दुसरी कडुलिंबाची, तिसरी डेंगळ्याची. चांगला, गोड, जवळचा मकरंद आणलेली माशी जास्त फेरे नाचते, साधारण माल आणलेली दोन-चार फेरे नाचून थांबते, आणि हलका माल आणलेली नाचतच नाही. कुणीही सगळ्या नाचांची तुलना करत बसत नाही. रिकामी माशी जो नाच समोर येईल त्याच्या मागे लागते. पण जास्त नाचली जाणारी बातमी समोर येण्याची शक्यताच जास्त असल्याने सगळी फौज आपोआप चांगल्या मालाकडे वळते.

आता मराठवाड्यातला कांदा बियाण्याचा प्लॉट घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये डेंगळ्यांवर पांढरे गोंडे फुलतात. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलातली स्त्रीकेसराची टोकं नंतर तयार होतात, त्यामुळे एका गोंड्यावरून दुसऱ्यावर पराग नेणारं कुणीतरी लागतंच. माशी आली नाही तर गोंडा दिसायला भरगच्च, पण बी हलकं आणि कमी. म्हणून शेतकरी पेट्या आणून ठेवतात, काही जण गुळाच्या पाण्याचा फवारा करतात. आणि तरी तक्रार कायम असते: पेट्या आहेत, माश्या आहेत, पण त्या कांद्यावर येत नाहीत.

उत्तर पोळ्यावर आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं आणि माश्यांना तो फारसा रुचत नाही. ती बातमी आणणारी माशी कमी नाचते. त्याच दिवसांत जवळ मोसंबीचा आंबे बहर फुललेला असेल, तर त्या सुगंधी, गोड मकरंदाच्या बातमीपुढे डेंगळ्याची बातमी टिकत नाही. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आसपास जिथे मोसंबीच्या बागा आहेत, तिथे हे ध्यानात ठेवायला हवं. त्यातून गंमत अशी की मोसंबीला फळधारणेसाठी माशीची तशी फारशी गरज नसते. जिला गरज नाही तिच्याकडे माश्या जातात आणि ज्याला आहे तो कांदा वाट पाहतो.

म्हणून पेट्या केव्हा ठेवायच्या हा प्रश्न किती ठेवायच्या याइतकाच महत्त्वाचा आहे. गोंडे फुलण्याआधी पेट्या आणल्या तर माश्या दुसरीकडचा चारा शोधून काढतात, त्याचे नाच सुरू होतात, आणि मग कांदा फुलला तरी त्या सवयीच्या जागीच जातात. प्लॉट पाच-दहा टक्के फुलल्यावर पेट्या आणल्या, तर नव्या जागी पहिली बातमी कांद्याची पोचण्याची शक्यता वाढते. हा सल्ला कृषी पुस्तिकांत एका ओळीत असतो. त्याच्यामागचं कारण नाचात आहे हे कळलं की तो पटतो आणि लक्षात राहतो. फवारणीचंही तसंच. सकाळी फुलावर विष पडलं, तर आधीच पोळ्यावर पोचलेल्या माश्या त्याच वावराची बातमी नाचत असतात आणि नव्या माश्या तिकडेच निघालेल्या असतात. फुलोऱ्यात फवारणी टाळावी, आणि अगदीच गरज पडली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करावी.

दुसरं एक प्रकरण मी मुद्दाम लांबवलं आहे, पाण्याचं. जायकवाडी धरणाच्या काठचा तालुका असूनही २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मधमाशीच्या वसाहतीतही पाण्याची अशीच चिंता असते. पिल्लं वाढतात त्या भागाचं तापमान माश्या ३४-३५ अंशांच्या आसपास राखतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. पोळं तापलं की मेण मऊ होतं, पिल्लं मरू शकतात. मग काही माश्या मकरंद सोडून पाणी आणू लागतात, काही ते खणांच्या तोंडांशी पसरतात, काही पंखांनी वारा घालतात. पाणी आणणारीला पोळ्यात पाणी हवंय की नको हे कसं कळतं? ती परतली की तिच्या तोंडचं पाणी घ्यायला दोघी-तिघी लगेच धावल्या, तर तिला कळतं की गरज आहे, आणि ती पुन्हा निघते, कधी पाण्यासाठी नाचतेही. तिला घेणारी शोधत हिंडावं लागलं, तर ती थांबते. मोजणारं कुणी नाही, फक्त वाट पाहायला लागलेला वेळ. मकरंदाचंही असंच आहे. घेणाऱ्या कमी पडल्या तर आणणारी माशी अंग थरथरवत पोळ्यावर फिरते, आणि आत काम करणाऱ्या माश्या मकरंद उतरवून घ्यायला पुढे येतात.

हे एकदा कळलं की उन्हाळ्यातली एक नेहमीची गोष्ट वेगळी दिसते. ठिबकच्या गळक्या जोडावर, रांजणाच्या ओल्या बुडाशी, पाण्याच्या हौदाच्या कडेला माश्या रांग लावून बसतात. पोट आकसतं-फुगतं, सोंड ओल्या मातीत. मिनिटभरात पोट भरून ती उडते. जवळ गेलो तरी ती सहसा डसत नाही. तिला हाकलू नये. हौदात बुडून मरू नयेत म्हणून काड्या किंवा थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवला तरी पुरतं.

राणीबद्दल थोडक्यात. ती काहीच ठरवत नाही. तिच्या अंगातून एक द्रव्य पाझरतं, भोवतीच्या माश्या ते चाटतात आणि एकमेकींच्या तोंडातून, मिशांतून ते सगळ्या वसाहतीत पोचवतात. ते द्रव्य मिळत राहिलं की सगळं ठीक. राणी नाहीशी झाली तर काही तासांत माश्यांना ते जाणवतं, आणि अगदी कोवळ्या अळ्यांपैकी काहींना सतत रॉयल जेली चारून त्या नवी राणी घडवतात. मेलिफेरात अंड्यापासून सोळा दिवसांत राणी बाहेर पडते, कामकरी माशीला एकवीस लागतात. कामकरी माशीचं आयुष्यही ठरल्यासारखं: आधी खणांची सफाई, मग पिल्लांना भरवणं, मग मेण, मग दारावर पहारा, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात धोक्याचं काम, बाहेर जाणं. म्हणजे फुलावर आपण जी पाहतो ती बहुधा वसाहतीतली वयस्कर माशी असते.

घर बदलण्याची पद्धतही नाचावरच चालते. लिंडाउअर यांना १९४९ साली म्युनिकमध्ये झाडाला लटकलेल्या थव्यावर काजळीने काळ्या, विटांच्या धुळीने लाल झालेल्या माश्या नाचताना दिसल्या. त्या चारा शोधत नव्हत्या, युद्धात पडलेल्या इमारतींच्या धुरांड्यांत, भिंतींत नवी जागा पाहून आल्या होत्या. चांगल्या जागेचे नाच वाढत जातात, बाकीचे विरतात, विरोधी जागेसाठी नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन, बारीक आवाज करून थांबवलंही जातं, आणि एका जागी पुरेशा माश्या जमल्या की थवा उडतो. संशोधक थॉमस सीली यांनी यावर आयुष्य घालवलं.

आग्याची भीती हा विषय टाळून इथे काहीच लिहिता येणार नाही. देवळाच्या शिखरावर, टाकीखाली आग्या मोहोळ बसलं की गाव अस्वस्थ होतं, आणि ते रास्तच आहे. आग्याच्या हल्ल्यात माणसं दगावतात. पण हल्ला कसा सुरू होतो हे कळलं तर तो टाळता येतो. पोळ्यावरच्या माश्या अनेक थरांचा पडदा करून लटकलेल्या असतात. गांधीलमाशी जवळ आली की शेकडो माश्या क्षणार्धात पोट वर उचलतात आणि पडद्यावरून लाट सरकते. ही लाट नेपाळमध्ये बारकाईने अभ्यासली गेली. तिच्यामुळे गांधीलमाशी दचकून दूर राहते. म्हणजे लाट हा इशारा आहे, हल्ला नव्हे. ती दिसली तर हळूच मागे सरावं. डंख बसला की मात्र भाषा बदलते. काटा कातडीत अडकून राहतो आणि त्यातून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो वास बाकीच्यांना बोलावतो. म्हणून एक डसली की तिथे उभं राहून हात हलवू नये, तोंड झाकून सरळ पळत बंद जागेत जावं, काटा नखाने लगेच खरवडून काढावा.

रात्री पलिते लावून मोहोळ जाळण्याची पद्धत या सावधपणाच्या नेमकी उलट आहे. तिच्यात मध कमी आणि राख जास्त हाती लागते, पिल्लं आणि राणी मरतात. आग्या दरवर्षी ठरावीक हंगामात त्याच झाडावर, त्याच कड्यावर परतते. एक वसाहत जाळली की पुढच्या वर्षी त्या झाडावर येणारी एक वसाहत कमी होते आणि आजूबाजूच्या वावरांतलं तिचं कामही थांबतं. धुराने माश्या बाजूला सारून, फक्त मधाचा भाग कापून, पिल्लांचा भाग तसाच ठेवण्याची रीत आता शिकवली जाते. महाबळेश्वरचं खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आणि १९६२ पासूनची पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्याकडे त्याचं प्रशिक्षण मिळतं. २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तो प्रयोग सातेरीच्या जंगलातला आहे. मराठवाड्यासाठी फुलोरी आणि आग्या यांना धरून वेगळी आखणी करावी लागेल, पेट्या वाटून ते होणार नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे: फुलोरी आधी, मग आग्या, मग पेटीतल्या माश्या, आणि पीकनिहाय प्रकरणं शेवटी. वाचकाने पहिलं प्रकरण वाचण्याआधी एक फुलोरीचं पोळं शोधून ठेवावं ही विनंती. कुंपणाच्या झुडपात, छातीच्या उंचीवर, दाट पानांच्या थोडं मागे ते सापडतं. सकाळी नऊ-साडेनवाला, ऊन आल्यावर जा. हातभर अंतर ठेवा, पोळ्यावर श्वास सोडू नका, आणि तुमची सावली पोळ्याच्या माथ्यावर पडणार नाही अशा बाजूला उभे राहा. माथ्यावर पोट हलवत चालणारी एक माशी निवडा, तिची रेघ कुठे जाते ते पाहा, आणि त्या दिशेला बांधाबांधाने चालत जा.